सेवा, शुश्रूषा आणि जबाबदारी : परिचर्येच्या कार्यस्थळांतील सुरक्षिततेचा एक इतिहास

१. विषयप्रवेश

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेस, नवलाख उंबरे हे गाव आहे. या गावाच्या व शेजारच्या आंबीच्या शिवारापर्यंत तळेगावचे औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. त्यामुळे येथे दोन प्रकारची कामे जवळजवळ एकाच बांधावर चालतात. एक काम कारखान्यातले. दुसरे काम लहान मुले, गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि आजारी माणसे यांची काळजी वाहण्याचे. पहिल्या कामातील माणसाला मराठीत ‘कामगार’ म्हणतात. दुसऱ्या कामातील स्त्रियांची अधिकृत नावे ‘अंगणवाडी सेविका’, ‘मदतनीस’ आणि ‘आशा स्वयंसेविका’ अशी आहेत.

हा केवळ नावांचा भेद आहे, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु कारखान्यातील यंत्राभोवती कुंपण घालण्याचे कर्तव्य हिंदुस्थानातील कायद्याने १८८१ सालीच मालकावर टाकले. क्षयरोग्याच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीच्या संरक्षणाचे कर्तव्य मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कोणावरच स्पष्टपणे टाकले गेले नाही. ही तफावत कशी उत्पन्न झाली, ती कोणत्या टप्प्यांनी कमी होत गेली आणि तिच्या मुळाशी ‘सेवा’ या कल्पनेचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. रुग्णालय, प्रसूतिगृह, अंगणवाडी, वृद्धाश्रम अशा सर्व ठिकाणांना येथे ‘परिचर्येची कार्यस्थळे’ असे म्हटले आहे.

२. शब्दांची साक्ष

परिचर्येविषयीचे मराठीतील बहुतेक जुने शब्द संस्कृतातून आले आहेत, आणि ते सर्व परिचारकाच्या कर्तव्याकडे बोट दाखवितात. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून साधला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. गुरूचे ऐकावयाचे म्हणून आज्ञापालन, आज्ञापालन म्हणून सेवा, आणि सेवेतून पुढे आजाऱ्याची सेवा, असा अर्थाचा प्रवास झाला. ‘परिचर्या’ म्हणजे भोवती वावरणे. आयुर्वेदातील ‘उपस्थाता’ म्हणजे जवळ उभा राहणारा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, अशी तेथे अपेक्षा आहे : उपचाराचे ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शुचिता. परिचारकाला चिकित्सेचा चतुर्थांश मानणे ही मोठीच दृष्टी होय. तथापि या चतुष्टयात परिचारकाने काय द्यावे एवढेच येते. त्याला काय मिळावे, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

आधुनिक रुग्णालयाबरोबर आलेले शब्द निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचतात. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘दाई’ फारसीतून आला. परिचारिकेला मराठी रुग्ण आजही ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. केर काढणाऱ्या, मलमूत्राची भांडी उचलणाऱ्या, रुग्णाला कुशीवर वळविणाऱ्या स्त्रीला सारे ‘मावशी’ म्हणतात आणि पुरुषाला ‘मामा’. ‘मातृष्वसा’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून आलेला ‘मावशी’ हा शब्द मराठीतील अत्यंत जिव्हाळ्याच्या शब्दांपैकी एक आहे. घाबरलेल्या रुग्णाला त्या हाकेने धीर येतो, यात शंका नाही. पण त्याच हाकेमुळे एक गोष्ट नजरेआड होते. आप्ताने आप्तासाठी केलेल्या कामाला कामाचे तास नसतात, हातमोजे नसतात आणि अपघाताची नोंदवहीही नसते. ‘कामगार’ या शब्दात जो व्यवहार गृहीत आहे, तो ‘मावशी’ या शब्दात उरत नाही.

याउलट ‘जबाबदारी’ हा शब्द पूर्णपणे व्यवहारातला आहे. अरबी ‘जवाब’ आणि फारसी ‘दार’ यांपासून तो बनला. जाब विचारल्यास ज्याला उत्तर द्यावे लागेल, तो जबाबदार. म्हणून परिचर्येच्या स्थळी सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा खरा अर्थ असा की, अपाय झाल्यावर जाब कोणाला विचारावयाचा?

३. १८९७ : प्लेग आणि एका कायद्याचे मौन

महाराष्ट्रात या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी प्लेगच्या साथीत लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे साथ पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. आज्ञाभंग करणाऱ्यास शिक्षा ठेवली, आणि कायद्यानुसार सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे शेवटच्या कलमात सांगितले. संरक्षण कायद्यात होते. पण ते दाव्यापासूनचे होते, रोगापासूनचे नव्हते. रोग्याला हात लावणाऱ्या माणसाविषयी कायदा काहीच बोलत नाही.

त्या मौनाचा अर्थ दोन मृत्यूंवरून ध्यानात येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. यंत्रापाशी राबणाऱ्या माणसाच्या शरीरालाही मर्यादा असते, हे मालकांना व सरकारला पटविण्यात त्यांचे आयुष्य गेले. प्लेगच्या काळात ते रुग्णांच्या मदतीसाठी झटत होते. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्हणजे साथरोगांचा कायदा झाल्यानंतर पाचच दिवसांनी, त्यांचा अंत झाला.

त्यानंतर महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले निवर्तल्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला होता. सावित्रीबाई तेथे रुग्णांना आणण्याचे व त्यांची शुश्रूषा करण्याचे काम करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यानंतर त्यांनाच प्लेगने गाठले.

येथे तत्कालीन ज्ञानाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ साली ओळखला गेला होता. परंतु पिसवांच्या द्वारे तो उंदरापासून माणसाकडे येतो, हे फ्रेंच संशोधक सिमाँ याने १८९८ साली दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. हाफकिन यांनी आपली लस स्वतःवर टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी. म्हणजे धोका नेमका कोठून येतो हेच सावित्रीबाईंच्या वेळी कोणाला निश्चित सांगता आले नसते. त्या काळातील परिचारकाचा मृत्यू हा अज्ञानाचा परिणाम होता, असे म्हणण्यास जागा आहे. नंतरच्या काळात ती सबब उरत नाही. तरीही त्या मृत्यूंची आठवण समाजाने ठेवली ती हौतात्म्य म्हणून. ती योग्यच आहे. मात्र हौतात्म्याचा गौरव करताना ते टाळण्याचे कर्तव्य कोणाचे होते, हा प्रश्न मागे पडतो, आणि परिचर्येच्या इतिहासात तो वारंवार मागे पडत आला आहे.

४. सेवासदन ते सर्वोच्च न्यायालय

विसाव्या शतकाच्या आरंभी परिचर्या हा मराठी मध्यमवर्गीय स्त्रियांचा व्यवसाय होऊ लागला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, आणि त्या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्रतिष्ठेने जगण्याचे साधन मिळाले, ही या कार्याची थोरवी होय. रुग्णालयातले काम हलके मानणाऱ्या समाजात त्या कामाला मान मिळवून देण्यास ‘सेवा’ हाच शब्द उपयोगी पडला. किंबहुना त्या काळी दुसरा कोणताही शब्द ते काम करू शकला नसता. पण ज्या शब्दाने स्त्रियांना रुग्णालयाचे दार उघडून दिले, त्याच शब्दाने आत गेल्यावर मागणी करणे अवघड केले. सेवा करणाऱ्याने हिशेब मागू नये, हा संस्कार त्या शब्दाबरोबरच आत आला.

१९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालात अखंड हिंदुस्थानासाठी सुमारे ७,००० परिचारिका असल्याची नोंद आहे. हे प्रमाण सुमारे ४३,००० लोकांमागे एक असे पडते. इतक्या अपुऱ्या संख्येत सुरक्षितता ही चैन वाटणे स्वाभाविक होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांचे संरक्षण, वायुवीजन, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी इत्यादी तरतुदी केल्या. परंतु ‘कारखाना’ म्हणजे जेथे वस्तुनिर्मितीची प्रक्रिया चालते ते ठिकाण, अशी व्याख्या असल्यामुळे रुग्णालयाचा वॉर्ड तिच्याबाहेर राहिला.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील एका खटल्याचे महत्त्व लक्षात येते. तेथील दोन वॉर्ड नोकर स्त्रियांना कामावरून कमी करण्यात आले, आणि तसे करताना औद्योगिक विवाद कायद्याने ठरविलेली भरपाई त्यांना देण्यात आली नाही. हॉस्पिटल मजदूर सभेने त्यांची बाजू घेतली. सरकारचे म्हणणे असे की, रुग्णालय हा ‘उद्योग’ नव्हे; म्हणून तो कायदा येथे लागूच होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने अपिलात हे म्हणणे अमान्य केले, आणि जानेवारी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या विवेचनाचा आशय थोडक्यात असा : लोकांना भौतिक सेवा पुरविण्याचे काम जर पद्धतशीरपणे, मालक व नोकर यांच्या सहकार्याने चालत असेल, तर नफ्याचा हेतू नाही एवढ्यावरून ते उद्योगाच्या व्याख्येबाहेर जात नाही.

हा निकाल नोकरीच्या अटींविषयी होता, आरोग्याविषयी नव्हता. तरीही परिचर्येचे घर हे कोणाच्या तरी कामाचे ठिकाण असते, ही गोष्ट त्याने कायद्याच्या भाषेत प्रथमच ठामपणे मांडली. ती सहजासहजी टिकली नाही. १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलट मत दिले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने १९६० ची भूमिका पुन्हा स्वीकारली. १९८२ साली संसदेने रुग्णालयांना वगळणारी नवी व्याख्या संमत केली. पण ती अमलात आणलीच गेली नाही. वीस-बावीस वर्षांतील ही ओढाताण पाहिली म्हणजे ‘सेवा’ आणि ‘उद्योग’ यांतील रेषा किती अस्थिर आहे, हे समजते.

इंग्लंडातही चित्र फारसे निराळे नव्हते. तेथील रुग्णालयांतील कर्मचारी सुरक्षिततेच्या सर्वसाधारण कायद्याखाली आले ते १९७४ साली. सरकारी रुग्णालयांना असलेले खास अभय तर १९८६ पर्यंत टिकले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांविषयीचा करार स्वीकारला. परिचर्येच्या विशिष्ट स्वरूपाला अनुरूप असे सुरक्षिततेचे नियम राष्ट्रांनी करावेत, ही अपेक्षा त्यात नमूद आहे.

५. तळघरातील खोली

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग काम संपवून तळघरात कपडे बदलण्यास गेल्या असता, तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हे प्रकरण मुख्यत्वे दयामरणाच्या चर्चेत स्मरले जाते.

कार्यस्थळाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तळघरातील ती जागाच अधिक बोलकी आहे. कारखान्यातील कामगारांचे कपडे ठेवण्याच्या सोयीविषयी नियम करण्याचा अधिकार १९४८ च्या अधिनियमाने राज्य शासनांना दिला होता. रुग्णालयातील परिचारिकेने कपडे कोठे बदलावेत, तेथे उजेड व माणसांचा वावर असावा की नाही, याविषयी जाब विचारता येईल असे कोणतेही कलम नव्हते. सहकारिणींनी ४२ वर्षे दिलेली शुश्रूषा हे परिचर्येच्या धर्माचे असामान्य उदाहरण होय. पण ज्या एका सुरक्षित खोलीने ती सारी वर्षे वाचली असती, ती खोली देणे हे कोणाचे कर्तव्य होते, हा प्रश्न त्या उदाहरणाच्या तेजात दिसेनासा होतो.

६. कर्तव्याची हळूहळू झालेली नोंद

परिचारकाच्या संरक्षणाचे कर्तव्य कायद्यात आले ते आडवाटेने. प्रथम कचऱ्याच्या निमित्ताने. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम १९९८ साली झाले. त्यांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ-ब व धनुर्वात यांच्या लसी देणे, संरक्षक साधने पुरविणे, नेमणुकीच्या वेळी व पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्यतपासणी करणे आणि प्रशिक्षण देणे ही कर्तव्ये रुग्णालयाच्या चालकावर टाकली. नंतर रोगाच्या निमित्ताने. एचआयव्ही व एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थांना सुरक्षित कार्यपरिस्थिती राखण्याची सक्ती केली, आणि सुई टोचल्यास द्यावयाच्या प्रतिबंधक औषधांचाही तीत समावेश केला.

हिंसेच्या बाबतीत महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड त्यात आहे. नासधूस झालेल्या साधनांच्या किमतीच्या दुप्पट रक्कमही वसूल करता येते. पुढे कोविडच्या साथीत, २२ एप्रिल २०२० रोजी निघालेल्या वटहुकुमाने १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचे कायद्यात रूपांतर झाले. आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा करणाऱ्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद ठरली. ज्या कायद्यात लोखंडे व सावित्रीबाई यांच्यासारख्यांना स्थान नव्हते, त्यात परिचारकाचा प्रवेश होण्यास १२३ वर्षे लागली. तोही हल्ल्याचा बळी म्हणून झाला. हल्लेखोराला शिक्षा करणे आणि कामाची जागा निर्धोक ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत जाब परक्या माणसाला विचारला जातो, दुसरीत जागा चालविणाऱ्याला.

हा दुसरा प्रकार व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० हिच्यात सर्वसाधारण स्वरूपात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या संहितेने मालकावर धोकारहित कार्यस्थळ राखण्याचे कर्तव्य टाकले आहे. कर्मचाऱ्यानेही स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यावी, असे तीत सांगितले असून सुरक्षिततेविषयी मालकाकडून माहिती मागण्याचा हक्क त्याला दिला आहे. पण तिच्याच सोबत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक व परोपकारी सेवेतील संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळले आहे. १९६० साली ओलांडलेला उंबरठा अशा रीतीने काही संस्थांपुरता पुन्हा उभा राहिला.

७. जाब कोणाला?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात आग लागली. कक्षात १७ अर्भके होती. त्यांतील १० दगावली, ७ वाचविण्यात आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण मृत्यू पावले. त्यानंतर ज्यांना अटक झाली, त्यांत एक डॉक्टर व तीन परिचारिका होत्या. परिचारिकांच्या संघटनांनी या कारवाईचा निषेध केला.

कोणा व्यक्तीचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम होय. इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते असे की, महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे अथवा ताबेदाराचे आहे, आणि तसे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते. वीजवाहिन्यांचा भार, पाण्याचे फवारे, बाहेर पडण्याची दुसरी वाट यांविषयीचे निर्णय रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती नसतात. तिच्या हाती रुग्ण असतो. अपघातानंतर प्रथम जाब मात्र तिलाच विचारला जातो, कारण त्या क्षणी ती तेथे असते. ‘उपस्थाता’ या शब्दाचा मूळ अर्थ, जवळ उभा असणारा, हाच जणू तिच्यावरील आरोपाचा आधार होतो.

आणखी एक बाब येथे नमूद केली पाहिजे. परिचारिका जेव्हा एकटीच अनेक रुग्णांकडे पाहते, जेव्हा तिला आग विझविण्याचे साधन वापरण्यास कोणी शिकविलेले नसते, तेव्हा तिचा धोका आणि रुग्णाचा धोका एकच असतो. भंडाऱ्याच्या अर्भकांना स्वतःहून बाहेर पडता येत नव्हते. त्यांची सुटका कक्षातील कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेवर व तयारीवर अवलंबून होती. सेवा आणि सुरक्षितता यांत विरोध मानणारी जुनी दृष्टी येथे सपशेल चुकीची ठरते.

८. उपसंहार

नवलाख उंबऱ्यासारख्या गावात आज परिचर्येचा पहिला भार अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका वाहतात. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. ‘आशा’ची योजना २००५ साली, साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे एक या प्रमाणाने आखली गेली. कोविडच्या काळात घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याचे काम या स्त्रियांनी केले. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या पन्नास लाख रुपयांच्या विमा योजनेत आशांचा समावेश होता. म्हणजे त्यांच्या कामात जिवाला धोका आहे, हे राज्यसंस्थेने मान्य केले. परंतु नाव ‘स्वयंसेविका’ असेच राहिले, आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदला व संरक्षण यांसाठी संप करावा लागला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला. जे. जे. रुग्णालयातील वॉर्ड नोकर स्त्रियांनी उपस्थित केलेला प्रश्न साठ वर्षांनी अंगणवाडीच्या दारात पोचला, असे यावरून म्हणता येईल.

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, परिचारकाच्या असुरक्षिततेचे मूळ केवळ साधनांच्या अभावात नाही. काम करणाऱ्याला कामगार न मानण्यातही ते आहे. दुसरी, कायद्याने दिलेले संरक्षण कचरा, विशिष्ट रोग, हल्ला अशा तुकड्यांनी आले, आणि जागा चालविणाऱ्याचे सर्वसाधारण कर्तव्य सर्वांत शेवटी आले. तिसरी, ते कर्तव्य कागदावर आल्यानंतरही अपघाताचा जाब खालच्या पायरीवरील माणसाला विचारण्याची सवय सुटलेली नाही.

‘मावशी’ आणि ‘सिस्टर’ हे शब्द मराठीतून जावेत, असा याचा अर्थ नव्हे. रुग्णाच्या तोंडी ते शोभतात. परंतु नेमणूकपत्रात, हजेरीपटात, लसीकरणाच्या नोंदीत आणि अपघाताच्या चौकशीत त्या स्त्रीचे नाव, तिचे पद आणि तिला द्यावयाच्या संरक्षणाची यादी असली पाहिजे. त्या यादीखाली सही करणारा अधिकारीही असला पाहिजे.